कीटणात अडकलेला काळ : प्राचीन प्रथिनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत दातांचा दवाखाना चालवतो. प्राचीन प्रथिनांवर, म्हणजे जुन्या हाडा-दातांत टिकून राहिलेल्या प्रथिनांवर, संशोधन मी करत नाही. जे करतात त्यांचं लिखाण वाचत असतो, आणि कुणी बोलावलं की मिरज, कराड, वाईकडच्या शाळांत, वाचनालयांत जाऊन त्याबद्दल बोलतो. भाषण संपलं की लोक चिठ्ठ्या पाठवतात. वेळ संपतो, चिठ्ठ्या खिशात राहतात. पुन्हा पुन्हा येणाऱ्या चिठ्ठ्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

दातांच्या डॉक्टरनं इतिहासात नाक का खुपसावं?

ही कराडची चिठ्ठी, शब्द अगदी हेच होते. उत्तर द्यायचं तर आधी एक कबुली द्यावी लागेल.

बीडीएसला असताना अभ्यासासाठी माझ्याकडे सीनियरकडून एक जबडा आला होता. खऱ्या माणसाचा, खालचा जबडा. पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला कीटणाचा चांगला जाड थर. लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात, म्हणून कीटण तिथे जास्त धरतं. तोंडी परीक्षेत सरांसमोर जबडा नीट दिसावा म्हणून आदल्या रात्री मी तो सगळा थर स्केलरनं खरवडून काढला. वर्तमानपत्रावर पिवळट भुगा पडला, तो झटकून बादलीत टाकला. जबडा चकाचक झाला, मार्कही बरे पडले.

पुढे बऱ्याच वर्षांनी २०१४ सालचा एक शोधनिबंध वाचनात आला. ख्रिस्तिना वॉरिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या सांगाड्यांच्या दातांवरच्या कीटणातून दुधातलं प्रथिन ओळखून दाखवलं होतं. तेव्हा लख्ख कळलं की त्या रात्री मी एका अनोळखी माणसाच्या आयुष्यभराच्या जेवणाची नोंद बादलीत टाकली होती.

कीटण म्हणजे दातावरचा चिकट थर लाळेतल्या कॅल्शियम आणि फॉस्फेटनं दगड झालेला. दगड होताना त्यात जे असेल ते आतच राहतं: अन्नाचे कण, लाळेतली प्रथिनं, जंतू. जर्मनीत डालहाइम इथे मध्ययुगीन मठाच्या दफनभूमीतल्या दातांवर हिरड्या सडवणारे जे जंतू सापडले, तेच आज माझ्या खुर्चीत बसणाऱ्यांच्या तोंडात असतात.

प्रथिनं म्हणजे डाळीतली, अंड्यातली तीच ना?

तीच. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मण्यांचे प्रकार साधारण वीस, पण कोणता मणी कोणत्या क्रमानं ओवला यावर ती माळ केसाची होते, दुधातली होते की हाडातली, हे ठरतं. हाडातलं मुख्य प्रथिन कोलॅजन. रात्री फ्रिजमध्ये ठेवलेला पायाचा रस्सा सकाळी थुलथुलीत होतो, ती हाडा-कातड्यातल्या कोलॅजनचीच करामत.

मण्यांचा क्रम डीएनए ठरवतो. त्यामुळे माळ वाचता आली की डीएनएचाही एक तुकडा हाती लागतो, डीएनए स्वतः नष्ट झालेला असला तरी.

डीएनए तपासता येतो, मग प्रथिनांची उठाठेव कशाला?

डीएनए नाजूक आहे आणि उष्णता त्याची वैरी. आजवर वाचलेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतला, सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा. आपल्याकडच्या उन्हात मात्र पाच हजार वर्षं काढणंही त्याला जड जातं. हरियाणातल्या राखीगढीच्या उत्खननात साठहून जास्त नमुने तपासले गेले, त्यातल्या एकाच नमुन्यातून कामापुरता डीएनए मिळाला. तो निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाला.

प्रथिनं जास्त चिवट असतात, त्यातही दाताच्या एनॅमलमधली, म्हणजे बाहेरच्या टणक कवचातली. एनॅमल वजनानं सुमारे ९६ टक्के खनिज. त्याच्या स्फटिकांमध्ये प्रथिनांचे बारीक तुकडे असे दडलेले असतात की पाणी आणि जंतू तिथवर सहजासहजी पोचत नाहीत. दक्षिण चीनच्या उबदार प्रदेशातल्या गुहेत सापडलेल्या जायगँटोपिथेकस नावाच्या अवाढव्य वानराच्या १९ लाख वर्षं जुन्या दातातून २०१९ साली प्रथिनं मिळाली आणि हे धूड ओरांगउटानच्या गोतावळ्यातलं निघालं. २०२५ साली तर कॅनडाच्या आर्क्टिक भागातल्या गेंड्याच्या २ कोटी १० लाख वर्षांहून जुन्या दातातून प्रथिनं वाचली गेली. त्याच वर्षी केनियातल्या तुर्काना खोऱ्यातल्या १ कोटी ८० लाख वर्षांच्या दातांतूनही. आर्क्टिकपेक्षा मला केनियाचंच जास्त अप्रूप वाटतं. तिथलं ऊन आपल्या जतच्या उन्हाला लाजवेल.

हे वाचतात तरी कसं? दुर्बिणीतून दिसतं का?

दिसत नाही, वजन करतात. विट्या-आटपाडीकडच्या लोकांना हे पटकन कळतं, कारण घरटी एखादा तरी माणूस कुठल्यातरी लांबच्या शहरात गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात असतो. समोर आलेला माल आधी गाळायचा, मग काट्यावर बोलू द्यायचं.

हाडाचा चिमूटभर तुकडा सौम्य आम्लात ठेवला की खनिज विरघळतं आणि कोलॅजन मोकळं होतं. मग ट्रिप्सिन हे विकर (एन्झाइम) घालतात. आपल्या पोटातही ते असतं. माळ ते वाटेल तिथे तोडत नाही, लायसीन किंवा आर्जिनीन या दोन मण्यांच्या पुढेच तोडतं. त्यामुळे तुकडे ठरावीक लांबीचे पडतात. हे तुकडे मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये उडवून प्रत्येकाचं वजन घेतात. मेंढीच्या तुकड्यांच्या वजनांची यादी वेगळी, घोड्याची वेगळी.

गंमत म्हणजे एनॅमलला ट्रिप्सिन बहुधा लागतच नाही. दात तयार होत असतानाच शरीरानं ती प्रथिनं चिरून ठेवलेली असतात. दाताचा पृष्ठभाग सौम्य आम्लानं जरासा कोरला की पुरतं. फिलिंगच्या आधी मी तुमच्या दातावर निळं जेल लावतो ना, ते ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल असतं. संशोधक तोच खेळ हायड्रोक्लोरिक आम्लानं खेळतात. फरक इतकाच की मी ते धुऊन टाकतो आणि ते जपून ठेवतात.

जत्रेतल्या मटणाचं हाड शेळीचं की मेंढीचं, हे कळेल?

हशा पिकवण्यासाठी विचारलेला प्रश्न, पण पुरातत्त्ववाल्यांना त्यानं अनेक पिढ्या छळलंय. अख्खं हाड हातात असेल तर जाणकार सांगतो, पण फुटलेली, चघळलेली, भाजलेली हाडं आली की दोन्ही सारखीच. शेळी-मेंढीचं कोलॅजन जवळपास एकच असलं तरी एका ठिकाणी फरक आहे. तेवढ्या तुकड्याचं वजन वेगळं भरतं आणि निकाल लागतो. माडग्याळी मेंढीचं हाड असो वा उस्मानाबादी शेळीचं, मेंढी कोणती आणि शेळी कोणती एवढं सांगता येईल. माडग्याळी हे मात्र कळणार नाही.

या पद्धतीला झूम्स म्हणतात. मायकेल बकली, मॅथ्यू कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ च्या सुमारास ती बसवली. स्वस्त आणि झटपट असल्यामुळे हजारो तुकडे चाळता येतात, आणि चाळणीत कधीकधी घबाड सापडतं. सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेतले दोन हजारांहून जास्त बिनओळखीचे तुकडे असे तपासले. त्यातला जेमतेम अडीच सेंटिमीटरचा एक तुकडा मानवकुळातला निघाला. मग त्याचा डीएनए काढला. २०१८ साली जाहीर झालं की ती सुमारे ९० हजार वर्षांपूर्वीची मुलगी होती, आई निअँडरथल या नामशेष मानवशाखेतली, बाप डेनिसोव्हन. झूम्स नसतं तर हा तुकडा कुठल्यातरी पिशवीत ‘इतर’ म्हणून पडून राहिला असता.

डेनिसोव्हन कोण?

आपल्याला समांतर जगलेली, नामशेष झालेली मानवशाखा. डीएनएमुळे त्यांचा पत्ता लागला, पण सायबेरियाबाहेर ते होते याचा हाडांचा पुरावा प्रथिनांनी दिला. तिबेटच्या पठारावर बायशिया गुहेत १९८० साली प्रार्थनेला गेलेल्या एका भिक्षूला अर्धा जबडा मिळाला होता. त्यात डीएनए शिल्लक नव्हता. २०१९ साली त्याच्या कोलॅजनवरून तो डेनिसोव्हन ठरला. वय किमान १ लाख ६० हजार वर्षं, जागा समुद्रसपाटीपासून ३,२८० मीटरवर. दुसरा जबडा तैवानजवळ पेंगू खाडीत मच्छीमारांच्या जाळ्यात आला आणि जुन्या वस्तूंच्या दुकानात जाऊन बसला. २०२५ साली प्रथिनांवरून तोही डेनिसोव्हन निघाला, आणि पुरुष.

पुरुष हे प्रथिनांवरून कसं कळलं?

अमेलोजेनिन या एनॅमलच्या प्रथिनावरून. त्याची एक प्रत एक्स गुणसूत्रावर, दुसरी वाय गुणसूत्रावर, आणि दोन्हींच्या मण्यांत थोडा फरक. दातात वायवाली प्रत सापडली की पुरुष.

यानं बरीच पाटी पुसून लिहावी लागली. इटलीत मोदेना इथे २००९ साली हातात हात घालून पुरलेले दोन सांगाडे सापडले. वृत्तपत्रांनी ‘मोदेनाचे प्रेमिक’ म्हणून जोडी जमवून टाकली. २०१९ साली दात तपासले तर दोघंही पुरुष. भाऊ, सोबती, सैनिक की आणखी काही, ते दात सांगत नाहीत. स्पेनमध्ये वालेन्सिनाला हस्तिदंताच्या वस्तूंसह थाटामाटात पुरलेला ताम्रयुगातला मोठा ‘पुरुष’ २०२३ साली बाई निघाली. पेरूमध्ये नऊ हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यात शिकारीच्या हत्यारांसह पुरलेली व्यक्तीही तरुण बाईच होती. थडग्यात भाल्याचं पातं दिसलं की ‘तो’ लिहायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची.

आता मेख सांगतो, ती आपल्याकडची आहे. वायवाली प्रत दिसली नाही म्हणून लगेच ‘बाई’ म्हणता येत नाही. प्रथिन फार झिजलेलं असू शकतं, आणि काही पुरुषांत जनुकाचा तो तुकडाच गळलेला असतो. २००२ साली भारतीय संशोधकांनी २७० भारतीय पुरुष तपासले, त्यातल्या पाच जणांत तो नव्हता. युरोपातल्या माणसांवर बसवलेली कसोटी इथे वापरताना हे ध्यानात ठेवायलाच हवं.

हळदीचं ते काय सांगितलं होतं? परत सांगा.

सांगलीत हा प्रश्न आला नाही असं एकदाही झालं नाही.

इस्राएलमधल्या मेगिद्दो आणि तेल एरानी या जागांवरच्या १६ व्यक्तींच्या दातांवरचं कीटण तपासलं गेलं. मेगिद्दोच्या एका व्यक्तीच्या कीटणात हळदीचं आणि सोयाबीनचं प्रथिन मिळालं, काळ इसवीसनपूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या मध्याचा. तेल एरानीच्या एका दातावर केळ्याचं, तेही तीन हजार वर्षांपूर्वीचं. हळद, सोयाबीन, केळी, तिन्ही तिकडची पिकं नव्हेत. ही पिकं तेव्हाच दक्षिण आणि पूर्व आशियातून एवढ्या लांब पोचली होती याला तोपर्यंत थेट आधार नव्हता. आधार मिळाला तो न घासलेल्या दातांतून.

लगेच पुढचा प्रश्न येतो: म्हणजे आपली हळद तिथे गेली होती? हरिपूरच्या पेवांत हळद साठवून पिकलेले केस असलेले एक गृहस्थ हे विचारताना खुर्चीतून अर्धे उठले होते. त्यांना निराश करावं लागलं. प्रथिनावरून हळद कळते, शेत कळत नाही. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन २०१८ साली मिळालं खरं, पण मेगिद्दोच्या माणसाकडे त्याचं लेबल नव्हतं. त्या माणसानं हळद कालवणात खाल्ली, औषध म्हणून घेतली की तो स्वतःच व्यापार करत हिंडला, तेही अनुत्तरितच आहे.

एक बारकावा: हळदीचा पिवळा रंग कुर्क्युमिनचा, आणि ते प्रथिन नव्हे. तेव्हा पिवळा दात दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. माझ्या अनुभवात तो बहुधा मिश्रीचा किंवा तंबाखूचा असतो.

दूध गाईचं की म्हशीचं, ते कळतं का?

दुधाचं प्रथिन कीटणात छान टिकतं. त्याचं नाव बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन. ते आईच्या दुधात नसतंच, त्यामुळे दातावर सापडलं की जनावराचं दूध पोटात गेलेलं, यात शंका नाही. गाय, मेंढी, शेळी, घोडी यांच्यात फरक करता येतो. ब्रिटनमध्ये सहा हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या दातांवर ते मिळालंय.

गाय आणि म्हैस मात्र डोकं खाणार. १६२ मण्यांच्या माळेत दोघींत फक्त दोन जागी फरक. त्यातल्या एका जागी गाईत ल्युसीन, म्हशीत आयसोल्युसीन, आणि या दोन मण्यांचं वजन अगदी सारखं. काट्यावर दोन्ही एकच! उरला एक मणी. नेमका तोच तुकडा शिल्लक असेल तर निकाल लागेल. डेअरीवर फॅट बघून सांगणारा माणूस यापेक्षा वेगानं सांगतो.

शाकाहारी-मांसाहारी कळतं का?

कोलॅजनमधल्या नायट्रोजनवरून अंदाज येतो, पण दूध-तूप खाणाराही मांस खाणाऱ्यासारखा दिसू शकतो. मला कार्बनची बाजू जास्त आवडते. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस एका रीतीनं हवेतला कार्बन घेतात. भात, गहू आणि डाळी दुसऱ्या. दोन्हींतल्या जड कार्बनचं प्रमाण वेगळं असतं आणि ते हाडात उतरतं. माणदेशातला ज्वारीवर वाढलेला माणूस आणि कोकणातला भातावर वाढलेला, यांची हाडं वेगळी बोलतात. उसाची साखर घातलेले दिवसाला सहा चहा पिणारा आजचा सांगलीकर पुढच्या संशोधकाला ज्वारी खाणारा वाटला तर नवल नाही.

यातून आमची जात, कूळ, आम्ही मूळचे कुठले, हे निघेल का?

नाही. झूम्सला आजचा माणूस आणि निअँडरथल यांत फरक करता येत नाही, तिथे शहाण्णव कुळी कुठून निघणार? हा प्रश्न चिठ्ठीवर नाव न लिहिता येतो, हेही इथे नोंदवून ठेवतो.

डायनासोरचं प्रथिन मिळालं आहे म्हणतात?

२००७ साली टी. रेक्सच्या हाडातून कोलॅजनचे तुकडे मिळाल्याचा दावा झाला. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

आमच्या घरी गेंड्याच्या कातड्याची ढाल आहे. खरंच गेंड्याची का, हे तपासता येईल?

हे साताऱ्याचं. अशी ढाल बऱ्याच जुन्या घरांत असते आणि प्रत्येकाची गेंड्याचीच असते. कातडं म्हणजेही कोलॅजन. शंका असते ती म्हशीच्या कातड्याची. गेंडा हा घोड्याच्या गोतातला आणि म्हैस गाईच्या, त्यामुळे दोघांच्या तुकड्यांची वजनं लांब लांब पडतात. कमावताना कातडं फार खराब झालं नसेल तर निकाल लागायला हरकत नाही. मात्र ढाल कधी सरसानं डागडुजी केली असेल तर आधी सांगा. सरस जनावरांची हाडं-कातडी उकळूनच करतात, म्हणजे तोही कोलॅजनच. गेंड्याच्या ढालीवर बैलाचा निकाल यायचा!

मोडी कागदांबद्दलही विचारतात. युरोपातल्या चर्मपत्रांवर खोडरबर घासून, त्याच्या भुग्यातून वासरू की मेंढी हे ओळखलं गेलंय, पानाला ओरखडाही न पाडता. आपलं जुनं लिखाण कागदावरचं आणि कागदाला खळ पिष्टाची, त्यामुळे तिथे ओळखण्यासारखं जनावरच नाही. पुस्तकाच्या कातडी बांधणीवर मात्र खोडरबर चालेल.

निकाल खोटा निघू शकतो का?

निघतो. सर्वांत मोठा घुसखोर म्हणजे संशोधकाचं स्वतःचं कातडं. त्यातलं केराटिन हे प्रथिन सगळीकडे उडत असतं. म्हणून प्रत्येक वेळी नमुन्याशिवाय रिकामी चाचणीही चालवतात. दुसरी खूण वयाची: काळ जातो तसा ग्लुटामीन नावाचा मणी बदलून त्याचं वजन साधारण एका एककानं वाढतं. प्रथिन कोरं करकरीत दिसलं तर संशय घ्यायचा.

सातारा-सांगलीत असं काही मिळेल?

लाखो वर्षांपूर्वीचं काही सापडायची आशा कमी. आपल्या पायाखालचा दगड लाव्हाचा. महाबळेश्वर, कासकडे जांभा, आम्लधर्मी माती आणि धो धो पाऊस, तिथे हाड विरघळून जातं. पूर्वेकडे काळी, चुनखडीची माती हाडाला मानवते, फक्त उन्हाळ्यात तडकते आणि हाडालाही तडकवते. म्हणून मी एनॅमलवर आणि कीटणावर डोळा ठेवून असतो.

माझ्या मनात एक जागा आहे, ती जरा वर, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी: इनामगाव. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ दरम्यान तिथे ताम्रपाषाण युगातलं गाव खणलं. घराच्या जमिनीखालीच दफनं. लहान मुलं दोन मडक्यांत, मडक्यांची तोंडं एकमेकांना लावलेली. मोठ्यांचे पाय घोट्याजवळ तोडलेले. त्या मडक्यांतलं मूल मुलगा होतं की मुलगी, हे हाडांवरून सांगता येत नाही, कारण तो फरक हाडांत वयात येताना उतरतो. एनॅमल मात्र हिरडीखाली असतानाच बोलायला लागलेलं असतं. कोणाला मडकं मिळालं आणि कोणाला नाही, हा प्रश्न तीन हजार वर्षांनी दुधाच्या दातांना विचारता येईल.

शेतात, विहीर खणताना जुनं हाड किंवा दात सापडला तर काय करायचं?

काढू नका. जागेवर फोटो घ्या, शेजारी नाणं किंवा पेन ठेवून. गावच्या तलाठ्याला, तहसील कार्यालयाला कळवा. माणसाचं हाड असेल आणि ताजं वाटत असेल तर आधी पोलीस. बाहेर आलंच असेल तर धुऊ नका, घासू नका, फेविकॉल-वॉर्निश लावू नका, प्लास्टिकमध्ये दमट बांधू नका. कोरड्या कागदात गुंडाळून सावलीत ठेवा.

मागच्या पावसाळ्यात जतकडचे एक मामा दवाखान्यात आले. कापडी पिशवीतून त्यांनी खालचा जबडा काढून टेबलावर ठेवला. “डॉक्टर, तुमच्याकडे आणायचा म्हणून दंतमंजन लावून घासून आणलाय बघा.” दाढांवरच्या चंद्रकोरी बघून मी म्हटलं, “मामा, माणसाचा नाही. शेळी, नाहीतर मेंढी.” मामांनी तो हातात फिरवला आणि मेंढी म्हणाले. मी शेळी म्हणालो. जबडा अजून खणात आहे, कागदात गुंडाळलेला. दातांच्या कडेला थोडं कीटण उरलंय, त्याला मी हात लावलेला नाही.